दुसऱ्याच्या नावाचा बिब

म्हातारा मंडईच्या कोपऱ्यावर पडला तेव्हा मी त्याच्या वीस पावलं मागे होते. पाय घसरला, दोन्ही हात वर गेले आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. पाऊस पडत होता, पलीकडे शर्यतीत पळणाऱ्यांना जोर यावा म्हणून कोणीतरी ढोल बडवत होतं, तरी तो आवाज मला ऐकू आला.

फ्लॉवरचा पाला होता. पहाटे टेंपो रिकामे करताना पाला रस्त्यावर सांडतो, पावसात सडतो आणि साबणासारखा होतो. त्याच मंडईत मी चाळीस वर्षं पालेभाजी विकली. त्या कोपऱ्यावर पावसाळ्यात कडेने जायचं नाही, मधून जायचं, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. मी ओरडून सांगितलं नाही. सहा किलोमीटर पळून झालं होतं आणि ओरडायला दम लागतो.

मी पोचेपर्यंत तो उठून बसला होता. कानाच्या वर चीर पडली होती. रक्त मानेवरून खाली येऊन छातीवरच्या नंबराच्या कागदाला लागलं होतं. तो कागद त्याचा नव्हता. तो मी त्याला दिला होता.

हे आधी सांगायला हवं.

मंडईतला गाळा सोडला त्याला सहा वर्षं झाली. गाळा सुटला, जागं व्हायची वेळ सुटली नाही. चारला डोळे उघडतात. नवरा त्याआधीच गेलेला. मुलगा बंगळूरला आहे. त्याने मला मांजरीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला आणि तो रविवारी फोन करतो. चारला उठून त्या फ्लॅटमध्ये काय करायचं? एका माणसाची भांडी ती किती, ती रात्रीच घासलेली असतात. म्हणून मी चालायला लागले. चालून दमायला होईना म्हणून पळायला लागले. सोसायटीतल्या बायकांना वाटतं मी तब्येतीसाठी पळते. मी सकाळ संपवायला पळते.

हिवाळ्यात रस्त्यावर पळणारे पुष्कळ असतात. पावसाळा लागला की घरी बसतात. उरतात ते वेडे नाहीतर एकटे. मांजरीत रस्त्याच्या एका बाजूला बारा मजले आहेत आणि दुसऱ्या बाजूला अजून ऊस आहे. ट्रॅक्टर शेतातून चिखल घेऊन येतात आणि तो डांबरावर पसरतो. गतिरोधकाच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय टाकायचा नाही, भिजला की तो घसरतो. डबक्याला वळसा घालायचा, आत किती खोल आहे ते वरून कळत नाही. पायाला खोबरेल लावायचं, बोटांच्या मधे जास्त, नाहीतर फोड येतात. घरी आलं की बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दुपारी बदलायचे. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. फोड आले, मग कळलं.

तीन पावसाळ्यांपूर्वी हा म्हातारा दिसायला लागला. म्हातारा म्हणते, पण माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल; मी अडुसष्टची. गिरणीच्या गल्लीतून यायचा, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून. माझ्यापुढे वीस पावलं पळायचा. मी वेग वाढवला की तो वाढवायचा, मी कमी केला की तो कमी करायचा. मागे कधी बघायचा नाही. माझ्या पावलांच्या आवाजावर पळायचा. बोलणं व्हायचं ते रेल्वे फाटकापाशी, परत वळताना.

"काय बाई, आज उशीर?"

"चार मिनिटं."

"पाच."

एवढंच. नाव त्याने विचारलं नाही, मीही नाही. मंडईत चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांची नावं विचारली नव्हती. मेथी नेणारी, जुडी उलटून बघणारी, पिशवी विसरणारी, अशीच ती लक्षात राहायची. हा पुढे पळणारा होता.

गेल्या पावसाळ्यात तो गतिरोधकावर पडला. कोपर सोलवटलं, नखाएवढं. पण रक्त थांबेना. माझा रुमाल भिजला, मग त्याच्या डोक्याची पिशवी काढून घट्ट बांधली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ठोके चुकतात माझे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मुलीला सांगू नका, नाहीतर पळणं बंद करेल."

मी कशाला सांगतेय? मला त्याचं घर माहीत नव्हतं.

आता बिबचं. शर्यतीत छातीवर चार टाचण्यांनी जो नंबराचा कागद लावतात त्याला बिब म्हणतात. मागच्या बाजूला नाव, वय, रक्तगट, आजार आणि घरच्यांचा फोन लिहायचा असतो. साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मला मिळाली. म्हाताऱ्याला त्याच्या डॉक्टरांनी दिली नाही. "हात जोडले म्हणाला मला," फाटकापाशी त्याने सांगितलं, आणि त्या दिवशी फाटकापासून गल्लीपर्यंत तो चालत गेला.

त्याच आठवड्यात आमच्या चौथ्या मजल्यावरच्या इंजिनियरचा घोटा मुरगळला. पळणाऱ्यांची एक रीत आहे. ज्याला ऐनवेळी जमत नाही तो आपला बिब दुसऱ्याला देतो. नियमात बसत नाही, पण सगळे देतात. त्याने तो मला दिला. "काकू, कोणी असेल तर द्या. वाया जायला नको."

मी तो म्हाताऱ्याला दिला. गोळीचं मला माहीत होतं, चिठ्ठी मिळाली नाही तेही माहीत होतं. मनाशी म्हणाले, कागद वाया कशाला घालवायचा. ते खरं नव्हतं. आदल्या वर्षी मी शर्यतीला एकटी उभी होते. सगळीकडे घोळके, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. "आजी, जरा आमचा काढता?" असं करत सात जणांचे फोन माझ्या हातात येऊन गेले. माझा फोटो कोणी काढला नाही. मला पुन्हा तसं उभं राहायचं नव्हतं. म्हणून दिला.

तर मंडईच्या कोपऱ्यावर तो बसला होता. शर्यतीच्या टी-शर्टातल्या दोन मुली धावत आल्या. मागून ॲम्ब्युलन्स आली, त्यातून एक तरुण डॉक्टरीण उतरली. तिने जखम पुसली, दाबून धरली, पट्टी लावली.

"छोटीशी आहे, आजोबा. चक्कर येतेय? मळमळतंय?"

"भूक लागलीय," म्हातारा म्हणाला. "चारच किलोमीटर राहिलेत. उठू का?"

मुली हसल्या. डॉक्टरीणही हसली. ती त्याला सोडणार होती, हे मला दिसलं.

"रक्त पातळ करायची गोळी घेतात ते," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कसली गोळी? सकाळी केळं खातो मी. बाकी काही नाही."

डॉक्टरणीने बिब उलटा करून वाचला. "वय एकोणतीस. आजार, काही नाही." मग त्याच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही एकोणतीसचे?"

"तब्येत राखलीय."

एका मुलीने कागदावरचा फोन लावला. पलीकडे इंजिनियरची बायको. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "माझे मिस्टर पडलेत? अहो, ते समोर बसून पोहे खातायत!"

आता कोणी हसलं नाही. डॉक्टरणीने मला विचारलं, "काकू, तुम्ही यांच्या कोण?"

"मी यांच्या मागे पळते."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे पळते. तो कागद मी दिलाय. नाव खोटं, वय खोटं, आजार नाही तेही खोटं. गोळी खरी आहे. गेल्या वर्षी नखाएवढं खरचटलं तर रुमालभर रक्त गेलं होतं."

तिने पट्टीकडे पाहिलं. पट्टी लाल झाली होती. तिचा चेहरा बदलला. "डोक्याचा स्कॅन करावा लागेल. आत्ता."

म्हातारा उभा राहिला. "बाई, तुम्ही माझ्या कोण लागता हो?"

"कोणी नाही. गाडीत बसा."

"मी शर्यत पुरी करणार."

"करा. पडलात तर उचलायला मी थांबणार नाही."

हे मी उगीच बोलले, पण तो बसला. मीही त्याच्या समोर बसले. मागच्या काचेतून पळणारी माणसं दिसत होती, आमच्या मागे पडलेली सगळी आता पुढे जात होती. तो तेच बघत होता.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"सहा."

थोड्या वेळाने पुन्हा, "किती झाले?"

"सहा."

पुलावर गाडी थांबली तेव्हा त्याने तिसऱ्यांदा विचारलं. मी डॉक्टरणीकडे पाहिलं. तिने ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलं. मग म्हाताऱ्याला उलटी झाली. केळं होतं, ते त्याने खरं सांगितलं होतं.

रुग्णालयात त्याला आत नेलं आणि मला खिडकीपाशी उभं केलं.

"पेशंटचं नाव?"

"माहीत नाही."

"पत्ता?"

"मांजरी. गिरणीची गल्ली."

"नातेवाईक?"

"मुलगी आहे. फोन माहीत नाही. हे फोन घरी ठेवून येतात."

खिडकीतल्या माणसाने पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्हाला नक्की माहीत काय आहे?"

"उजवा पाय बाहेर टाकून पळतात. चढावर दम लागतो, उतारावर मला मागे टाकतात. उजव्या बुटाची टाच आधी झिजते."

त्याने त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

मी इंजिनियरला फोन केला. सुजलेला घोटा घेऊन तो बायकोच्या स्कूटरवर मागे बसला आणि दोघं गिरणीवर गेले. गिरणीवाल्याला म्हातारा माहीत होता, त्याने घर दाखवलं. पण सगळं मिळून पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात आतले मोठे डॉक्टर बाहेर आले. डोक्यात रक्त साठत होतं. गोळीचा परिणाम उतरवायचं औषध सुरू केलं होतं, पण कवटी उघडावी लागणार होती आणि मुलीची वाट बघायला वेळ नव्हता.

"गोळीचं आम्हाला कळलं नसतं तर जखम बांधून घरी पाठवलं असतं," ते म्हणाले. माझं कौतुक म्हणून म्हणाले असतील. मला वाटलं, मी बिब दिला नसता तर तो आत्ता गिरणीच्या गल्लीत चहा पीत बसला असता.

ऑपरेशनच्या संमतीचा कागद इंग्रजीत होता. मी चौथी शिकले, तेही मराठी. म्हणाले, वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवला. जीव जाऊ शकतो असं त्यात दोनदा होतं. डॉक्टरांनी आपल्या सह्या केल्या, खाली साक्षीदार म्हणून माझी घेतली. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं नर्सने विचारलं. "तुम्हाला चालेल ते लिहा," मी म्हणाले. तिने काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

मग बसून राहिले. कपडे ओले, छातीवर नंबर, वर थंड हवेचं यंत्र. येणारे-जाणारे नंबराकडे बघायचे. बूट काढले तर पाय पांढरे पडून सुरकुतले होते. कोणाला फोन करावा असं वाटलं. रविवार होता, पण मुलगा संध्याकाळी करतो. त्याला सांगून काय होणार? आई, तू हे कशाला केलंस, एवढंच म्हणाला असता.

मुलगी आली. पन्नाशीची, घरच्या गाऊनवर ओढणी घेतलेली, पायात एक चप्पल वेगळी. आधी आत जाऊन आली. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही सही केलीत?"

"हो."

"बाबांना चिठ्ठी मिळाली नव्हती. मग नंबर कुठून आला?"

मी खोटं बोलू शकले असते. इंजिनियरवर ढकललं असतं तर तो गप्प बसला असता, चांगला माणूस आहे.

"मी दिला."

"त्यांच्या गोळ्या माहीत होत्या तुम्हाला?"

"हो."

"अक्कल आहे का हो तुम्हाला? वय काय तुमचं? ते पोरासारखे वागतात म्हणून तुम्हीही?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला सोबत हवी होती तर एखादं भजनी मंडळ शोधायचं. माझा बापच सापडला?"

यात चूक काहीच नव्हतं. मी बूट घातले.

"इथे परत येऊ नका," ती म्हणाली.

मी बसने घरी आले. हडपसरला उतरले तेव्हा ऊन पडलं होतं. लोक गळ्यात पदकं घालून नाश्त्याला चालले होते. एकाने माझा नंबर बघून विचारलं, "आजी, किती वेळात?" मी म्हणाले, "अजून चालूच आहे."

दोन दिवस थांबून मी रुग्णालयात फोन केला. कोणता पेशंट? पळताना पडलेला. नाव? माहीत नाही. आपण कोण? त्यांनी काही सांगितलं नाही. मी फोन ठेवला. आठव्या दिवशी गिरणीवर गेले, अर्धा किलो बाजरी घेऊन, काहीतरी निमित्त हवं म्हणून. गिरणीवाला म्हणाला, घराला कुलूप आहे, दवाखान्यातून थेट जावयाच्या गावी नेलं म्हणतात. कसे आहेत? "कोणी म्हणतं बरे आहेत, कोणी म्हणतं गेले. मला नाही माहीत, आजी."

श्रावण संपला, गणपती झाले, पाऊस तसाच चालू होता. मी पळत होते. पुढे कोणी नव्हतं, त्यामुळे वेग किती ठेवायचा ते कळेना. कधी उगीच जोरात जायचे आणि फाटकापाशी धापा टाकत उभी राहायचे. उशीर झाला का ते विचारणारं कोणी नव्हतं. मी गिरणीच्या गल्लीकडे बघायचे नाही असं ठरवलं होतं आणि रोज बघायचे. माणूस आहे की नाही, एवढंच हवं होतं. बरा आहे की वाईट, बोलतो की नाही, ते सगळं नंतरचं. मला रडू आलं नाही. भूक कमी झाली.

पुढच्या शर्यतीचा फॉर्म इंजिनियरने आणून दिला. मी भरला नाही. तो म्हणाला, "काकू, तुमची चूक नव्हती."

"होती," मी म्हणाले. "तुझीही थोडी होती."

दिवाळीनंतर मी बँकेत गेले, पासबुक भरायला. नोव्हेंबरात बँकेत पाय ठेवायला जागा नसते. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायला यावं लागतं, हयातीचा दाखला म्हणतात त्याला. काठ्या, वॉकर, कानटोप्या, सगळे आपापल्या पाळीची वाट बघत होते. एका टेबलापाशी कारकुनाने नाव पुकारलं आणि कोपऱ्यातून एक बाई चाकांची खुर्ची ढकलत पुढे आली. बाई मी ओळखली. मग खुर्चीतला माणूस ओळखला. डोक्यावर अर्धे केस होते, अर्ध्यात शिवणीची रेघ. डावा हात मांडीवर पडलेला. त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथे, कारकुनाच्या तोंडून. ते इथे लिहायची गरज नाही.

मुलीने मला पाहिलं. तोंड फिरवलं नाही.

"अजून पळता?" तिने विचारलं.

"पळते."

"एकट्याच?"

"हो."

तिने मान हलवली. मग खाली वाकून म्हणाली, "बाबा, या कोण? ओळखलंत?"

म्हातारा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "नाही बुवा," म्हणाला. शब्द जड होते, पण कळले.

"माणसं विसरतात आता," मुलगी म्हणाली.

असेल. नाहीतर तीन पावसाळे मी त्याच्या मागे होते. त्याने माझं तोंड पाहिलं असेल किती?

कारकुनाने छोटं यंत्र पुढे सरकवलं. म्हाताऱ्याचा डावा अंगठा उठेना, मग उजवा घेतला. पहिल्यांदा यंत्राने घेतला नाही. मुलीने अंगठा पदराने पुसला आणि पुन्हा टेकवला. मी पासबुक हातात धरून उभी होते. दिवा हिरवा झाला.

"झालं," कारकून म्हणाला. "पुढचे."

म्हातारा जगला.